तेराव्याचं लुगडं

वकीलकाकूंनी सगळ्यांसमोर माझ्या घागऱ्याची कड उचलली.

भोरच्या कॉलेजचं स्टेज. पारंपरिक वेशभूषेची स्पर्धा. आम्ही अकरा मुली ओळीत उभ्या. परीक्षक म्हणून वकीलकाकू आल्या होत्या. नवरा कोर्टात नाव कमावलेला, म्हणून सगळं गाव त्यांना वकीलकाकूच म्हणायचं. माझी आई त्यांच्या घरी सात वर्षं स्वयंपाक करत होती.

काकू एकेकीला बघत माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "थांब गं जरा. हा काठ माझ्या ओळखीचा आहे."

मला वाटलं, कौतुक करतायत. मी मान ताठ केली.

त्या वाकल्या. दोन बोटांनी कड धरली, गुडघ्यापर्यंत वर केली आणि आतली दुमड उलटी केली. तिथे शाईचे तीन ठिपके होते आणि एक आडवी रेघ. परटाची खूण. कपडा कुठल्या घरचा ते कळावं म्हणून तो कोपऱ्यावर करतो तशी.

माईक त्यांच्या हातातच होता. "बघा, ही आमच्या घरची खूण. आमच्या सासूबाईंचं लुगडं आहे हे. तेराव्याला हिच्या आईला दिलेलं."

मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने समजावल्यासारखं, "अगं, मेलेल्या माणसाचं अंगावर घालून कुणी नटतं का?"

मागच्या बाकांवरून एक पोरगा ओरडला, "सासूबाई आल्या रे, पाया पडा."

हॉल हशाने फुटला. प्राचार्य आधी हसले आणि मग त्यांनी रुमाल तोंडाला लावला. माझे पाय उघडे. कड अजून त्यांच्या बोटांत. त्यांनी ती सोडली, तीसुद्धा बोटं पदराला पुसत.

त्या दिवसापासून कॉलेज संपेपर्यंत माझं नाव सासूबाई.

तो घागरा मी कसा केला होता ते सांगायला हवं. नाहीतर त्यांनी काय उचललं ते कळणार नाही.

मैत्रिणीच्या मोबाईलवर एका नटीच्या लग्नाचा घागरा बघितला होता. नामांकित डिझायनरचा. किंमत वाचून मैत्रीण म्हणाली, यात आपल्या गल्लीतलं घर येईल. मी किंमत बघितलीच नाही. फोटो बोटांनी मोठा करून घेराच्या उभ्या कळ्या मोजल्या. काठ कुठे जोडलाय, कमरेची पट्टी किती रुंद, चुणी कुठे घेतली, सगळं वहीत उतरवलं. मी म्हटलं, हे मला येतं.

आईने आदल्या दिवाळीत एक नऊवारी लुगडं आणलं होतं. अंजिरी नारायणपेठी. "दिवाळीचं दिलं वहिनींनी," एवढंच बोलली. काकूंना ती वहिनी म्हणायची. मधून विरलेलं होतं. धरून ओढलं तर फाटेल असं. पण दोन्ही काठ शाबूत आणि पदर तर नवा. मी ते उन्हात धरून इंचाइंचाने तपासलं. विरलेलं सगळं बाजूला काढलं. उरलं त्यात सोळा कळ्या बसवायच्या होत्या, त्यामुळे बोटभर कापड वाया घालवणं शक्य नव्हतं. ठिपके असलेला कोपरा मला दिसला होता. दुसरी एखादी असती तर तिने कापून टाकला असता. मी तो आत दुमडला. दुमड कोण उलटून बघतंय?

घेर फुगायला आत मच्छरदाणीची जाळी घातली. अस्तर आठवडे बाजारातल्या कटपीसवाल्याकडून आणलं. त्याच्याशी मी असा भाव करायची की तिसऱ्यांदा पाठ फिरवली की तो हाक मारायचाच. "ये बाई ये, तू मला गाडा विकायला लावशील." पदराच्या तुकड्याचा बटवा केला. त्याला लटकनं लावली, ती तुटलेल्या माळांच्या मण्यांची. कानातले पुठ्ठ्याच्या चकतीवर रेशीम गुंडाळून केले. आईचं हातमशीन होतं, कुरकुर करणारं. वीस दिवस लागले. घालून बघितला तेव्हा घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "कुणाचा गं आणलास मागून?" मला तर तेच हवं होतं.

स्पर्धेवरून घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी घागरा काढला नव्हता. विचारलं, "दिवाळीचं होतं ना?"

ती वर बघेना. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर तू हात लावला असता का?"

"मग आणलंच कशाला?"

"न्हाई कसं म्हणायचं? तेराव्याला देत्यात. घेणारं कुणीतरी लागतंच की." भाकरी उलटून म्हणाली, "आन काठ लई चांगला होता."

मी भांडले. हंडा लाथाडला. माझा राग असाच आहे, आधी पाय चालतो. ती पाणी पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली आणि पिशवी ठेवायच्या आत बोलली, "वहिनींनी घागरा मागितलाय."

मला वाटलं जाळायला हवा असेल. तसं विचारलंही.

"न्हाई. धनूला पायजे. भावाच्या साखरपुड्याला. म्हणल्या, चुकून दिलं गेलं, जरीचा काठ जुना हाय, घरात राह्यला पायजे. आन शिवलाच हाय तर तिला हुईल, माप एकच हाय."

धनू म्हणजे त्यांची मुलगी. माझ्याच वयाची, पुण्याला शिकत होती.

"मेलेल्या माणसाचं आहे ना ते?"

"आजी हुती तिची. त्यांच्यात चालतं."

त्यांना नको होतं, तेव्हा ते आम्हाला दिलं. आमच्या अंगावर शोभलं, तेव्हा ते त्यांचं झालं. मी हे सगळं बोलले. आईने ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, "माझं काम जाईल."

बाप नव्हता. मार्गासनीकडच्या गावातली दोन वाफ्यांची भातजमीन चुलत्याच्या ताब्यात. भोरातली ही खोली आईच्या स्वयंपाकावर चालत होती. मी घागरा दिला. नुसता दिला नाही, इस्त्री करून, घडी घालून, बटव्यासकट स्वतः नेऊन दिला. स्टेजवर जे झालं ते त्यांनी केलं. हे मी केलं. त्याची लाज मला आजही जास्त आहे.

देताना म्हटलं, "काकू, शिलाई तरी द्या."

त्या खरंच गोंधळल्या. "शिलाई? अगं, कापड कुणाचं?" मग हसून आईला म्हणाल्या, "बाई, पोरगी तयार आहे हं तुमची. हिला पोळी द्या गूळ-तूप लावून."

बाजारात ज्या तोंडाने मी गाडेवाल्याला रडवायची, त्याच तोंडाने त्या दिवशी आईच्या हातची पोळी त्यांच्या ओट्याशी उभी राहून खाल्ली.

साखरपुड्याच्या सकाळी पुन्हा निरोप आला. माप एकच नव्हतं. धनूच्या कमरेला घागरा दाटत होता. सुई-दोरा घेऊन ये.

मी गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. आई मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यावर. मला आतल्या खोलीत नेलं. धनू आरशासमोर, पलंगावर तीन-चार बायका. मी जमिनीवर बसून कमरेची पट्टी बघत होते, तेवढ्यात नवरीकडची एक मावशी म्हणाली, "काय सुरेख आहे हो. कुठून घेतलात?"

वकीलकाकू म्हणाल्या, "पुण्याहून. एक डिझायनर आहेत आमच्या ओळखीच्या, त्यांच्याकडून करून घेतला. वेळ लावतात फार, पण हात बघा की."

"आणि ही?"

"ही होय? आमच्या स्वयंपाकाच्या बाईंची मुलगी. टाके घालायला बोलावलीय."

धनू आरशातून माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. ती लटकन सारखं करत राहिली.

मला वाटलं होतं मी काहीतरी लाथाडेन. राग आला की माझं असंच होतं. त्या दिवशी मात्र मी पट्टीची शिवण बोटाने चाचपून बघितली. मी म्हटलं, "काकू, पट्टी पूर्ण काढून बसवावी लागेल. घागरा आणि बटवा काढून द्या. अर्धा-पाऊण तास लागेल. इथे गर्दीत जमणार नाही."

"लवकर कर गं. बारापर्यंत हवाय."

धनूने घागरा काढला, गाऊन घातला. सगळ्या जेवणघराकडे गेल्या. मी दाराला आतून कडी लावली.

शिवायला वीस दिवस लागले होते. उसवायला तासही लागला नाही. आईच्या मशीनचा खालचा दोरा ढिला बसायचा. ब्लेडने एक टाका तोडायचा आणि दोरा ओढायचा, की हातभर शिवण सुटते. आधी पट्टी. मग जाळी, मग अस्तर. मग एकेक कळी. कापडाचा एक धागा तुटू दिला नाही, कारण कापड माझं नव्हतं. दारावर दोनदा थाप पडली. मी म्हटलं, "होतंय."

बटवा शेवटी उसवला. त्याच्या तळाला कडकपणा यावा म्हणून मी बापाच्या छातीच्या एक्स-रेची फिल्म गोल कापून घातली होती. घरात तेवढीच कडक वस्तू होती. ती काढून ओढणीत बांधली. मणी बांधले. अस्तर, जाळी, हुक, नाडी, सगळं बांधलं. पलंगावर सोळा कळ्या एकावर एक रचल्या, त्यावर पदराचा तुकडा, शेजारी काठ गुंडाळून ठेवला. ठिपक्यांचा कोपरा वर येईल असा.

कडी काढली. काकू समोरच उभ्या. त्यांनी आत बघितलं. आधी समजलंच नाही.

मी म्हटलं, "हे तुमचं कापड. मोजून घ्या. शिवण माझी होती, ती मी घेतली."

"अगं, अगं काय केलंस हे?" आवाज दबका. पाहुणे बाहेर होते ना. "आता काय घालायचं तिने?"

"पुण्याच्या बाईंना फोन करा."

मावशी मागे उभी होती. ती काकूंकडे बघू लागली, मग कळ्यांकडे. काकूंनी माझा दंड धरला, नखं रुतली. "तुझ्या आईने या घरचं मीठ खाल्लंय."

"आईने ते मीठ रोज तुमच्या भाजीत घातलं. अळणी कधी झाली का?"

मी मागच्या दाराने निघाले. अंगणात आई घामाने भिजलेली, हातात झारा. तिने माझ्या ओढणीतलं गाठोडं बघितलं आणि तिला कळलं. म्हणाली, "काय करून आलीस?" तिने झारा खाली ठेवला नाही. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ती तिथेच राबली. भांडी घासून झाल्यावर तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

आई माझ्याशी पुढे दीड महिना बोलली नाही. खोली सोडावी लागली. मी कॉलेज संपेपर्यंत हातमशीन घेऊन मैत्रिणीकडे राहिले. आई गावी गेली, चुलत्याच्या दारात राहून दुसऱ्यांच्या शेतात भातलावणी करायला. वाकून कंबर गेली तिची. कुणी म्हणेल, पोरीने मान राखला. मान माझा राहिला, कंबर तिची गेली. हा व्यवहार मला कधीच सरळ करता आला नाही आणि मी तो सरळ झाला असं कुणाला सांगतही नाही.

आज भोरात माझं दुकान आहे. बायका मोबाईलवर फोटो घेऊन येतात. "अस्संच पायजे ताई, पण परवडंल असं." किकवीहून स्कूटीवर मुली येतात, वेल्ह्याच्या एसटीने नवऱ्या येतात. मी तसंच करून देते. कुठलं कापड कुठे स्वस्त, कुठला काठ जुन्या साडीचा चालेल, कुठे मशीनचं काम हाताच्या कामासारखं दिसेल, हे मला कुणी शिकवलेलं नाही. भाव मी सांगते आणि मग खाली येत नाही. लोक मला तोंडाळ म्हणतात. आहेच.

गेल्या महिन्यात वकीलकाकू दुकानात आल्या. केस पिकलेत, गुडघे दुखतात. हातात जुनी पैठणी. धनूच्या मुलीला वाढदिवसाला घागरा हवा होता. "तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नाही बघ," म्हणाल्या.

मी म्हटलं, "शिवते. पण माझ्या नावाची पट्टी काठावर बाहेरून लागेल. आणि कुणी विचारलं तर सांगायचं, आमच्या स्वयंपाकाच्या बाईंच्या मुलीने शिवला. चारचौघांत. आधी इथे म्हणून दाखवा."

दुकानात चार बायका होत्या. काकू हसल्या. "अजून राग आहे का गं? किती वर्षं झाली."

"आहे."

त्यांनी हात गुडघ्यावर टेकला. मला खुर्ची द्यावीशी वाटली नाही. मग पैठणी पिशवीत घालून गेल्या. त्यांच्या मागे एक गिऱ्हाईक म्हणाली, "म्हातारं माणूस हाय ताई, इतकं तोडू नये." मी तिला म्हटलं, तुझं माप देतेस का पुढचीला बोलावू?

पासलीकडच्या दोन मुली आता माझ्याकडे शिकायला आहेत. पहिला महिना मी त्यांच्या हातात कात्री देत नाही, मशीनला बसवत नाही. ब्लेड देते. कापडाचा धागा न तोडता शिवण कशी उसवायची, ते शिकवते. त्या कंटाळतात, विचारतात, हे कशाला. मी सांगते, रोज करा. आपण शिवलेलं आपलं नाही असं कुणी तोंडावर म्हणेल, तेव्हा हाताला विचार करत बसावं लागू नये.