शेळ्या राखून स्पॅनिश

आमच्या इवायांएवढा हट्टी माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याला त्याच्या घरच्यांनी कोंडून ठेवला असणार. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. राहतात पालीला, शेळ्या राखतात आणि सत्तरी उलटल्यावर स्पॅनिश शिकतात. मी चौथीत शाळा सोडली, ते सहावीत नापास झाले, म्हणून ते स्वतःला माझ्यापेक्षा दोन इयत्ता पुढचे समजतात. शाळेत ते एकच गोष्ट धड शिकले, पाढे. आजही बारा सत्ते किती विचारलं तर बारा एके बारापासून निघतात, आणि चौऱ्याऐंशी आले तरी थांबत नाहीत, एकशे वीसला जाऊनच दम घेतात. "पाढा मदीच सोडला की रुसतो पाव्हणं, मंग पुन्ना तोंडी येत न्हाई," हे त्यांचं शास्त्र.

या म्हातारपणच्या शिक्षणाचं कारण आमची नात. पोरगा आणि सून स्पेनमध्ये कामाला. सून अंबाजोगाईला नर्सिंग शिकली, तिकडं दवाखान्यात लागली. दोघं दिवसभर बाहेर, त्यामुळे पाच वर्षांची नात तिथल्या शाळेची भाषा बोलते, मराठी तिला चार शब्द. तरी रविवारच्या फोनवर माझी बायको तिच्याशी तासभर बोलायची. ही मराठीत, ती तिच्या भाषेत, आणि दोघींना सगळं कळायचं. मी मागं बाजेवर बसून असायचो, इतकंच. दीड वर्षापूर्वी बायको गेली. त्यानंतर रविवारी इवाई माझ्याकडं लिंबागणेशला यायला लागले. पहिल्याच फोनला आम्हा दोन म्हाताऱ्यांची थोबाडं बघून नातीनं काहीतरी विचारलं. सून खाली बघत म्हणाली, "आजी कुठंय, विचारती." पोर उठून गेली, आणि पुढं फोनसमोर येईनाच.

"पाव्हणं, ही पोरगी आपल्याला इसरणार," इवाई म्हणाले. "तिची भाषा शिकावं लागतंय."

"तुमी शिका. मला आता काय बी शिकायचं न्हाई," मी म्हणालो.

मग सुनेनं फोनवर सांगायचं आणि यांनी शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं लिहायचं, अशी शाळा भरली. तिकडं एकेका क्रियापदाची सहा सहा रूपं. त्यातली सरळ क्रियापदं इवायांनी आठवड्यात संपवली. "ती गरीब जनावरं. शेपटी बघितली की कळतं कुठं चालली. खरी परीक्षा उनाडांची. सांजच्याला 'सेर', म्हंजे असणं, म्हणून बांधावं, सकाळी बघावं तर 'सोय', म्हंजे मी आहे, होऊन कुंपणाबाहेर." उनाड क्रियापदं ध्यानात राहावीत म्हणून त्यांनी उनाड शेळ्यांना तीच नावं दिली. लोकांच्या तुरीत घुसणारा बोकड 'तेनेर', म्हणजे जवळ असणं. "ए तेनेर, भाईर निघ बे," अशी हाक आली की पालीत सगळ्यांना कळायचं कुणाच्या रानात काय झालं. एक गिऱ्हाईक शेळी बघायला आलं, नाव ऐकून म्हणालं, हा वाण कुठला. इवाई म्हणाले, स्पेनचा. ते बिचारं तिच्याभोवती दोनदा फिरून परत गेलं. माझ्या बायकोच्या वर्षश्राद्धाला तर हे कोपऱ्यात डोळे मिटून सहा सहा शब्द पुटपुटत बसलेले. लोकांना वाटलं पोथी चाललीय. दोन बायका पाया पडून गेल्या. मी कानात म्हणालो, "इवाई, आज तरी गप बसा की." म्हणाले, "इहीणबाईंचंच काम करतोय."

अखेर एका रविवारी सुनेनं नातीला ओढून फोनसमोर आणलं. तिनं विचारलं, आजोबा, तुमच्याकडं शेळ्या आहेत का. इवायांनी शेळी हा शब्द ओळखला आणि छाती पुढं काढली. 'तेंगो', तेनेरचं पहिलं रूप, म्हणजे माझ्याकडं आहे, एवढंच बोलून काम भागलं असतं. पण पाढा मध्ये सोडतील ते इवाई कसले. बोटं मोजत निघाले. तेंगो, तिएनेस, तिएने, तेनेमोस, तेनेइस, तिएनेन. म्हणजे माझ्याकडं आहे, तुझ्याकडं आहे, त्याच्याकडं आहे, आपल्याकडं आहे, तुम्हा सगळ्यांकडं आहे, त्यांच्याकडं आहे. सून तोंडाला पदर लावून हसत होती. नात टकमका बघत राहिली आणि आईला म्हणाली, मग माझी शेळी कुठंय. त्या दिवसापासून ती दर रविवारी स्वतःहून यायला लागली. पहिला शब्द ती टाकायची, दुसरा इवाई, असं सहाव्यापर्यंत. इवाई चुकले की ती कपाळावर हात मारायची, आणि चुकायचा त्यांना कंटाळा नव्हता.

परवा इवायांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून रविवारी ते आले नाहीत. फोन वाजला तेव्हा मी एकटा. वाटलं, उचलूच नये. उचलला. नातीनं माझ्या मागं डोकावून बघितलं, इवाई दिसले नाहीत. आता ही उठणार, हे मला तिच्या खांद्यावरून कळलं. पण ती म्हणाली, "तेंगो." आणि थांबली.

वर्षभर कानावर आदळलेलं होतं, निघालं तोंडातून. "तिएनेस," मी म्हणालो. पाचवा शब्द माझ्या वाट्याचा नव्हता तरी मीच म्हणून टाकला, तिनं डोळे वटारले. सहावा दोघांनी मिळून म्हटला. मग तिनं एक चित्र आणून दाखवलं आणि बोलतच सुटली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. मी आपला मराठीत म्हणत होतो, असं होय, बरं झालं, मग पुढं. पाऊण तास झाला.

संध्याकाळी इवायांना फोन लावला.

"पोरगी बसली का?" त्यांनी विचारलं.

"बसली."

"पाढा पुरा केला का?"

"केला."

"मंग झालं तर. डोळ्यातून पाणी काढायचं न्हाई, डाक्टरनं सांगितलंय मला," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी चहासाठी चूल पेटवायला घेतली. घरात ही गोष्ट जिला सांगायची ती नव्हती. म्हणून चूल पेटली तशी ते सहा शब्द तिथंच उभ्यानं, जरा मोठ्यानं, पुन्हा म्हटले.