सोपानभाऊच्या अंगावरची अ‍ॅनाटमी

मी डॉक्टर झालो नाही, हे वडनेर भोलजीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. काऊन झालो नाही, हे मात्र कोणी विचारत नाही. पारावर जाऊन बसलो की म्हणतात, "दिग्या, तो वामनचा किस्सा सांग ना बे!" आणि मी सांगतो. जिनातला कापूस गाठी बांधून मुंबईला निघून जातो आणि इथे सरकीचा ढीग उरतो, तसं माझं झालं. विद्या नागपूरला राहिली, माझ्यापाशी किस्से उरले. एक ओढला की वरून दुसरा घसरत येतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमच्या मेडिकल शाळेत लायसनच्या परीक्षेला तीनदाच बसू देत. तिसऱ्यांदा आपटला की नाव कापलं, चार वर्षं मातीत. मी आणि रोहिणखेडचा वामन, आम्ही दोघंही दोनदा आपटलो होतो.

* * *

वामनचा आवाज गोड, घरात भजन. डोक्यातून निघणाऱ्या बारा नसांची नावं त्याच्या काही केल्या ध्यानात राहीनात. म्हणून त्यानं त्यांना भजनाची चाल लावली. चाल अशी जमली की सुट्टीत रोहिणखेडच्या भजनी मंडळानं ती उचलली! टाळ-मृदंगावर "ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक" चाललं आहे आणि म्हातारे डोळे मिटून डोलत आहेत. एकानं तर वामनला बाजूला घेऊन विचारलं, "बापू, हा अभंग कोन्या संताचा व्हय?"

दुसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "सातवी नस कोणती?"

वामनला सातवी सांगायची तर पहिलीपासून यावं लागतं ना! त्यानं डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि सुरू केलं. सातवीपाशी पोचला, पण तिथे ध्रुवपद येत होतं. थांबता येईना. परत पहिलीवर गेला. दुसऱ्या फेरीत साहेब म्हणाले, "बुवा, आरती झाली की बोलवा!"

नापास.

* * *

त्याच दिवशी माझाही नंबर होता. बाबा सोबत आले होते, मी नको म्हणत असताना. परीक्षक चहा प्यायला व्हरांड्यात आले, तर बाबा हात जोडून त्यांच्या पुढ्यात!

"पोरगा कच्चा हाय साहेब. पन मोठ्याच्या शब्दाबाहेर नाई. बस म्हटलं की बसते, ऊठ म्हटलं की उठते!"

मी आत गेलो. साहेब म्हणाले, "बस." मी बसलो.

"ऊठ." मी उठलो.

"वडील खरं बोलले," असं म्हणून साहेबांनी पुढचा नंबर पुकारला!

घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "म्या शब्द टाकला होता, तरी असं काऊन झालं?" मी खिडकीबाहेर पाहत बसलो. आपल्याकडे बापाला उत्तर देत नसतात.

* * *

तिसऱ्या खेपेची तयारी घरी करायची ठरली. मी नाही ठरवली, बाबांनी आणि आजानं ठरवली. वामन आमच्याकडे येऊन राहिला.

हाडांशिवाय अ‍ॅनाटमी होत नाही. नागपूरच्या एका सीनियरकडून मी अर्धा संच आणला होता: कवटी, एक हात, एक पाय, एका अंगाच्या बरगड्या. ट्रंकेत भरून धान्याच्या कणगीमागे लपवला. आजानं चार दिवसांत हुडकून काढला.

"हा कोन व्हय?"

"कोणी नाही, आबा. अभ्यासाचा आहे."

"कोनी नाई कसा? याले नाव असंन, गाव असंन. याचं दहावं कोनं केलं?"

"मले काय माहीत!"

"चार साल शिकून राह्यला, अन् येवढं माहीत नाई?"

दुसऱ्या दिवशी मी आणि वामन नांदुऱ्याला गेलो होतो. परत आलो तर ट्रंक अंगणात उपडी वाळत पडलेली आणि ओट्यावर न्हावी बसलेला. आजानं बंडी जुंपून माझी हाडं पूर्णेत सोडून दिली होती!

"बस न्हाव्यापुढं," आजा म्हणाला. "हाडं तुह्यापाशी होती. तूच त्याचा वारस."

मी बसलो. ज्याचं नाव नाही, गाव नाही, त्याच्यासाठी माझं मुंडण झालं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. आजानं सगळं करून पाहिलं. "तुह्या पोरीचं लग्न करून देतो," म्हणाला. कावळा हलला नाही. "तुह्या बैलाले चारा घालतो." नाही. शेवटी आजानं माझा खांदा धरून मला पुढे ओढलं. "तुह्या हाडावर शिकलेला हा पोरगा डाक्तर होईन. मी जबान देतो!"

कावळा झडप घालून पिंड घेऊन गेला.

सगळ्यांचे डोळे पाणावले. मी टकलावरून हात फिरवत उभा. परीक्षा तीन महिन्यांवर, अर्धी अ‍ॅनाटमी पूर्णेच्या तळाशी, आणि म्हाताऱ्यानं माझ्या नावानं शब्द देऊन टाकला. मला कोणी विचारलं? कावळ्याला विचारलं!

* * *

उजळणी घ्यायला गावातले दादासाहेब डॉक्टर. तीस वर्षांचं लायसन! ते चौकटीत घालून त्यांच्या खुर्चीच्या वर टांगलं होतं, दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची. दवाखान्यात औषधाच्या दोन बाटल्या, एक लाल, एक पांढरी. लालनं बरं वाटलं नाही तर पांढरी. पांढरीनं वाटलं नाही तर देवाची मर्जी.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "पानथरी, म्हणजे तुमची स्प्लीन, कोणत्या बाजूला?"

"डाव्या," आम्ही दोघं एकदम.

"चूक! उजव्या."

वामननं भीत भीत पुस्तक उघडून पुढे धरलं. दादासाहेबांनी चष्मा चढवला, ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटून कव्हर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "नवीन एडिशन आहे तुमची."

बाहेर बाकावर हिवतापाचे रोगी ओळीनं बसले होते. या माणसानं तीस वर्षं त्यांची उजवी कूस दाबून, "पानथरी वाढली नाही, घाबरू नका," असं सांगितलं होतं. आणि कोणी घाबरलं नाही!

* * *

त्याच बाकावर सोपानभाऊ माळी भेटला. वांगी-मिरची लावायचा, शेवग्याच्या शेंगेसारखा सडपातळ, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. हिवतापाच्या औषधासाठी आला होता. आमचं हाडांचं रडगाणं ऐकून त्यानं सदरा काढला.

"घ्या मंग. मी बसूनच तं राह्यलो हाय."

"अंगावर गेरूनं रेघा माराव्या लागतील, सोपानभाऊ."

"मारा ना बापू. मी नाई शिकलो, माहं अंग तरी शिकू द्या!"

तेव्हापासून रोज मळ्यातलं काम आटोपलं की सोपानभाऊ दवाखान्याच्या ओसरीवर हजर. आम्ही बोटांनी मोजमाप घेऊन त्याच्यावर काळीज काढायचो, फुप्फुसं काढायचो, यकृत काढायचो. पुस्तकात जे चार वर्षं मेलेलं होतं, ते त्याच्या अंगावर जिवंत झालं. बोटाखाली ठोके लागायचे. मला पहिल्यांदा वाटलं, आपण पास होऊ शकतो.

पंधरा दिवसांत तर तोच आम्हाला शिकवू लागला. एकदा वामन काळीज काढून मागे सरला, तर सोपानभाऊ मान खाली घालून म्हणाला, "बापू, काल हे दोन बोटं खाली होतं. आज कायले वर चढवलं?"

मोजून पाहिलं. त्याचं बरोबर होतं!

त्याची बायको कावेरीबाई रोज बोंबलायची. "लेकरावानी अंग रंगवून येता! धुऊ तरी किती?" तो तिलाही सांगायचा, "दमानं घास, खाली यकृत हाय."

सगळ्यात आवडती जागा म्हणजे जांघ. तिथे मधोमध मोठी धमनी बोटाला लागते. तिची रेघ मी मांडीवरून खाली ओढली आणि वर, जिथून ती सुरू होते, तिथे एक ठिपका दिला.

"हे काय व्हय?"

"इथून सारं रक्त पायात जाते. खाली कापलं तर इथं अंगठा दाबून धरायचा. रक्त थांबते."

"कितीक वेळ धराचा?"

"डॉक्टर येईपर्यंत. पुस्तकात तसंच आहे."

सोपानभाऊनं माझ्याकडे पाहिलं, वामनकडे पाहिलं. "मंग तुमी कोन हाय?"

वामन हसून हसून ओसरीवर लोळला. मी म्हटलं, "आम्ही अजून कोणी नाही, सोपानभाऊ."

* * *

पुढचा किस्सा पारावर कोणी मागत नाही. मीच सांगतो.

परीक्षेला तीन आठवडे होते. सकाळी आम्ही ओसरीवर पुस्तक उघडून बसलो होतो, तेवढ्यात चार जण बाज घेऊन पळत आले. बाजेवर सोपानभाऊ. मोट सोडताना बैलानं शिंग मारलं होतं, मांडीच्या आतल्या अंगाला. बाजेखालून धार लागली होती.

मी पुस्तक फेकलं. धोतर वर सारलं. आदल्या दिवशीचा गेरूचा ठिपका धुवायचा राहिला होता. त्याच्यावर अंगठा ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

धार थांबली.

खरंच थांबली! पुस्तकात लिहिलं होतं तशी. सोपानभाऊचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो बोलला, "खुनेवरच हाय ना, बापू?"

"खुणेवरच आहे. बोलू नको."

वामन धोतराची पट्टी फाडत होता, वर आवळून बांधायला. तेवढ्यात दादासाहेब पूजेवरून उठून आले. चार लोकांनी वाट करून दिली.

"अरे, दाबून काय बसलास? मला जखम पाहू दे. काढ हात."

"दादासाहेब, मोठी धमनी फाटली आहे. आधी वर बांधू द्या."

"मला शिकवतो? भिंतीवर लायसन कोणाचं आहे? उद्या पंचनामा होईल तेव्हा काय सांगू, नापास पोरानं धरला होता म्हणून? काढ हात!"

गर्दीत बाबा होते. आजा होता. बाबा म्हणाले, "दिगंबर, मोठे सांगून राह्यले तं आयकाव."

मी वामनकडे पाहिलं. वामन पट्टीकडे पाहत होता.

मी हात काढला.

परत दाबायला वाकलो, तर दादासाहेबांनी मला कोपरानं मागे सारलं. त्यांना आधी टिंक्चर लावायचं होतं. बाटलीचं बूच घट्ट बसलं होतं. ते निघेपर्यंत सगळं झालं होतं.

कागदावर दादासाहेबांनी लिहिलं, "बैलाचे शिंग लागून मृत्यू." अक्षर सुरेख होतं. आजा म्हणाला, "त्याची येवढीच होती." बाबा म्हणाले, "तू आयकलं, बरं केलं. नाई तं तुह्यावर आलं असतं."

मी सोपानभाऊच्या घरी गेलो. प्रेताला आंघोळ घालायची होती. कावेरीबाई भिजलेला फडका हातात घेऊन बसली होती. मला पाहून तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "बापू, ह्या रेघा धुवाच्या, का अभ्यास बाकी हाय?"

* * *

आता शेवटचा. हा पारावर सगळ्यांना आवडतो. दोनदा-तीनदा सांगायला लावतात.

परीक्षेला गेलो. आजानं कपाळाला अंगारा लावून धाडलं. लेखी पेपर इतके सोपे गेले की माझा मलाच राग आला. मग तोंडी. खोलीत टेबलामागे तीन परीक्षक, तिघंही मोठे डॉक्टर. समोर बाकावर शाळेचा एक चपराशी पायजमा वर करून निजवलेला, खुणा दाखवायला. वामन माझ्यामागे दाराशी उभा, त्याचा नंबर माझ्यानंतर.

साहेबांनी निळी पेन्सिल दिली. "मांडीची धमनी दाखव."

मी एका झटक्यात रेघ ओढली, वर ठिपका दिला.

"सुंदर! खाली जखम झाली तर?"

मी ठिपक्यावर अंगठा ठेवला आणि वजन टाकलं. दुसऱ्या साहेबांनी वाकून चपराशाच्या पावलावरची नाडी पाहिली. लागत नव्हती. ते खूश झाले. "परफेक्ट! असं सकाळपासून एकालाही जमलं नाही. किती वेळ धरशील?"

"डॉक्टर येईपर्यंत, सर."

"बरोबर. पास आहेस तू. काढ हात."

मी काढला नाही.

"झालं, झालं. काढ हात."

चपराशी म्हणाला, "भाऊ, सोडा ना, मुंग्या येऊन राह्यल्या!" साहेब हसले. मग हसायचे थांबले. तिसऱ्या साहेबांनी टेबलावर हात आपटला, "आय से, हात काढ!" दोन माणसं आली, त्यांनी माझे खांदे धरून ओढलं. वामन दारातून ओरडत होता, "सोड बे दिग्या, पास झाला बे तू! सोड!"

मी अंगठा आणखी दाबला.

"साहेब," मी म्हटलं, "डॉक्टर येऊ द्या."