चार ते पाच

माणसं फावल्या वेळात काय करतात, यावर मी संशोधन करत होते. हे ऐकलं की बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या गल्लीत सगळे हसायचे. रिकामटेकडेपणाचीपण पदवी मिळते काय गं, म्हणायचे. मला भयंकर राग यायचा. आज वाटतं, हसत होते तेच बरं होतं.

आदल्या दिवसाचा एकेक तास घ्यायचा, त्यात काय केलं ते विचारायचं आणि पुढच्या चौकटीत काम, झोप किंवा विरंगुळा असं लिहायचं, असा आमचा फॉर्म होता. एकाच घरी लागोपाठ दोन दिवस जायचं. निपाणीत मी विड्या वळणाऱ्या एका आक्कांकडे गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मांडीवरचं सूप त्यांनी नुकतंच बाजूला ठेवलं होतं.

"बेळगावासनं आलाय व्हय? बसा की बाई," म्हणत त्यांनी चहा टाकला.

रिकामा वेळ कधी मिळतो, असं मी विचारलं.

"आमाला कुठला वो रिकामा वेळ!"

मी मनातून खूश झाले. प्रबंधात घालायला झकास वाक्य मिळालं होतं.

तेवढ्यात समोरच्या घरातली म्हातारी दारात आली. तिच्या मुठीत काहीतरी खुळखुळत होतं. "येतीस न्हवं गं?"

"ह्या बाईंचं झालं की आलोच," आक्का म्हणाल्या.

नंतर त्यांनी दोनदा दाराकडे पाहिलं. ते मला दिसलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मला साडेपाचची बस गाठायची होती आणि फॉर्म अर्धवट सोडायचा नव्हता. "आता दोनच प्रश्न," असं मी चार वेळा तरी म्हटलं असेल. पाचला नळाला पाणी आलं आणि आक्का घागर घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दाराला कुलूप होतं. मी फॉर्म उघडला. काल चार ते पाच?

"तुमच्यासंगट बोलण्यातच ग्येला की त्यो तास."

"आणि एरवी?"

आक्कांनी कोनाड्यातले पाच सागरगोटे माझ्यापुढे ठेवले. लग्न होऊन आल्यापासून रोज चारला दोघी समोरच्या कट्ट्यावर खेळायच्या.

"लेकानं न्हेली तिला आज सकाळी, पुण्याला. घरबी इकलं. जाताना ह्ये गोटं माझ्यापाशी ठिवून ग्येली. काल श्येवटचा डाव खेळायचा हुता."

"मग रिकामा वेळ नाही म्हणालात ते?"

"त्यो रिकामा कुठं वो? त्यो आमचा खेळायचा वेळ."

"मला सांगायचं नाही का?" मी चक्क चिडून विचारलं, जशी काही चूक त्यांचीच होती.

"दारात आलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं, बाई?"

बाहेर येऊन मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. मुलाखतीत गेलेला तास कुठे लिहायचा?

"पाहुण्यांशी गप्पा ना? मग विरंगुळाच."

हे खोटं आहे, हे मला कळत होतं. तरी लिहिलं. चौकट कोरी सोडली असती तर फॉर्म बाद झाला असता.

प्रबंध पुरा झाला, नोकरी लागली, पण लाज काही गेली नाही. त्या फॉर्मवर आक्कांच्या अख्ख्या दिवसात विरंगुळा एकदाच आहे, चार ते पाच, आणि तो मी आहे.