शुद्धीवर येणाऱ्या आईचा चष्मा

आईच्या पित्ताशयातील खड्यांचे ऑपरेशन मी एका खोट्या सबबीच्या आधाराने दोन वर्षे लांबवले. "या वयात तुला पूर्ण भूल झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात," असे मी तिला सांगत आलो. डॉक्टर तसे कधीच म्हणाले नव्हते. भुलीतून जागी झाल्यावर ती मला ओळखणारच नाही, ही भीती माझी होती. पोटातली कळ मात्र तिने सोसली; ती असह्य झाली, तेव्हा कुठे मी ऑपरेशनला तयार झालो.

काल ऑपरेशन आटोपताच भूलतज्ज्ञ बाईंनी मला आईच्या खाटेपाशी बोलावून तिचा चष्मा आणि कानातले यंत्र मागून घेतले. "वयस्कर माणसांना शुद्धीवर येताना दिसलं, ऐकू आलं, की ती सहसा गोंधळत नाहीत," असे म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने आईला चष्मा लावला आणि यंत्र तिच्या कानात हलकेच बसवले. भूल देणे म्हणजे माणसाला एकटे सोडणे, असे मी समजत होतो. परतणाऱ्याची कुणी इतक्या मायेने वाट पाहते, हे मला ठाऊक नव्हते. त्या हातांपुढे मी मनोमन वाकलो.

आईने डोळे उघडले, माझ्याकडे निरखून पाहिले. "दाढी का नाही केलीस रे?"

संध्याकाळी ती उशीला टेकून बसली, तेव्हा मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आई, डॉक्टर कधीच नको म्हणाले नव्हते. मीच घाबरलो होतो. मला क्षमा कर."