सरांचा दगड

मंगळवारी दुपारी माझा नवरा कुरडया काढायला गच्चीवर गेला. दगड आला आणि त्याच्या डोक्यात बसला. दवाखान्यात पोचण्याआधी तो गेला.

मी खाली वाचत बसले होते. आधी टेकडीपलीकडच्या खाणीतला सुरुंग ऐकू आला, मग वर काहीतरी आदळलं. सुरुंग उडवण्यापूर्वी खाणवाले भोंगा वाजवतात. भोंगा झाला की गावातल्या बाया पोरांना घरात ओढतात, वाळवणावर फडकं टाकतात आणि धमाका होईपर्यंत उघड्यावर कोणी थांबत नाही. त्या दिवशी भोंगा वाजला नव्हता.

पहिले धावत आले ते शेजारचे भाऊजी. त्यांचा ट्रॅक्टर खाणीवरून खडी वाहतो. त्यांनी दगड पाहिला, टेकडीकडे पाहिलं, आणि मग मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"वैनी, वरनं आला वो," ते म्हणाले.

दगड मीही पाहिला होता. नारळाएवढा, ताजा फुटलेला, करडा. एका अंगाला दोन बोटं रुंद, सरळ, अर्धगोल पन्हळ होती. सुरुंगाची दारू भरायला यंत्राने भोक पाडतात, त्याची ती अर्धी बाजू. असे दगड आमच्या रस्त्याकडेला ढिगाने पडलेले असतात.

नवरा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचा. उल्का हा त्याचा लाडका विषय. लोणारचं तळं कसं झालं हे तो फळ्यावर खडू आपटून दाखवायचा. तसा दगड पुन्हा येईल, म्हणायचा. कधी ते ठाऊक नाही, पण सूर्याच्या बाजूने आला तर आधी दिसणारसुद्धा नाही. गावाला ही करमणूक होती. पारावरून हाक यायची, "सर, औंदा कांदा लावू का नको? काढायच्या आत जग बुडायचं!" तो हसायचा. "लावा," म्हणायचा, "भाव पडायची भीती जास्त आहे."

पंचनाम्याला हीच थट्टा पुरावा म्हणून कामी आली. पंच गावातलेच. प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी खाणीवर. "सर म्हनायचेच ना, एक दिस येनार म्हनून." त्यांतला एकजण नवऱ्याचा जुना विद्यार्थी. तो चुंबक घेऊन आला, दोऱ्याला टांगलं आणि दगडाजवळ धरलं. चुंबक दगडाकडे झुकलं.

"सरांनीच शिकवलंय आमाला. ओढलं म्हंजी आभाळातला."

सरांनी त्यापुढचं वाक्यही शिकवलं होतं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडातही लोह असतं, तोही चुंबकाला थोडंफार ओढतो. म्हणून आभाळातल्या दगडावर जळून आलेलं पातळ काळं कवच शोधा. मी ते वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं. पन्हळ दाखवली. भोंगा वाजला नव्हता हेही सांगितलं.

"वैनी, तुमी जरा पडून ऱ्हावा," भाऊजी म्हणाले. "डोक्यावर परिनाम व्हतो असल्या वक्ताला."

दोन दिवसांनी दगड रस्त्याकडेच्या लिंबाखाली दिसला. त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला होता. पुण्याला पाठवा, तपासून घेऊ, असं मी म्हटलं, तर उत्तर आलं की देव शीव ओलांडत नसतो.

दशक्रियेला आम्ही घोड नदीच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला. कावळे समोरच्या जांभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. लोक कुजबुजायला लागले, सरांचं काहीतरी मागं राहिलंय. एकेकजण हात जोडून शब्द देऊ लागला. वैनींना सांभाळू. शाळेत फोटो लावू. कावळा हलला नाही. माझ्या ओठांवर होतं ते मी मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला खाणीने मारलं, हे मी सगळ्यांना सांगेन." कावळा हलला नाही. घाटावर कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मग खाणीचा मालक पुढे आला. चप्पल काढली, हात जोडले. "सर, तुमच्या दगडाला चौथरा बांधतो. वर पत्र्याची शेड करतो."

कावळा आला. पिंडातला भात त्याने दोनदा उचलला.

"बघा राव," मागून कोणीतरी म्हणालं, "सरांची इच्छा हीच व्हती."

कावळा भुकेला होता. इतका वेळ माणसं पिंडाच्या फार जवळ उभी होती, आणि मालकाला वाट द्यायला ती मागे सरली होती. हे मी कोणाला सांगणार? ऐकणारा घरात एकच होता, आणि तो हे ऐकून हसला असता.

पुढच्या आठवड्यात मी उलथनं घेऊन लिंबाखाली गेले. शेंदूर खरवडला की पन्हळ स्वच्छ दिसली असती, फोटो काढता आला असता. पूजेला आलेल्या बायांनी माझा हात धरला.

"मास्तरीणबाई, देवाला खरवडता व्हय?"

"माझा नवरा मारलाय त्याने. देव कसा?"

"म्हनून तर देव," त्यांतली म्हातारी शांतपणे म्हणाली. "निसत्या दगडाला कोन पुजतं?" आणि तिने माझ्या हातातलं उलथनं काढून पदराने पुसून मला परत दिलं.

चौथरा झाला. नवऱ्याने फळ्यावर काढून दाखवलेलं कवच त्या दगडाला शेवटी आलं, शेंदराचं, दर अमावास्येला आणखी जाड होणारं. पन्हळ मात्र बुजली नाही. ती उदबत्त्या खोचायला सोयीची आहे.

आता भोंगा न चुकता वाजतो. तो वाजला की मी वाळवण झाकते आणि जिना उतरून खाली येते.