पुजलेली स्क्रू मशीन

आमच्या बैठकीच्या खोलीचं सीलिंग पूर्ण झालं, त्या क्षणी मी त्याला लटकलेला होतो.

(पूर्ण नाही, फक्त तोंडाने. पण लटकलेला तो लटकलेलाच!)

खरं तर मी अतिशय सावध माणूस. अर्जुनी मोरगावच्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे. फवारणीच्या औषधाची बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मी त्याला पाच मिनिटं भाषण देतो. "हातमोजे घाल. तोंडाले दुपट्टा बांध. अन् पहिले कागद वाच, कागद!" माझ्या भाषणाला कंटाळून लोक पलीकडच्या दुकानात जातात, पण मी बोलायचं सोडलेलं नाही.

तर या सगळ्याची सुरुवात एका पालीने केली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते. एक दिवसाची जत्रा, अन् त्या दिवशी घरात पाहुणेच पाहुणे. काही वर्षांपूर्वीच्या मंडईला माझे साळे, म्हणजे बायकोचे मोठे भाऊ रामेश्वरदादा, गोंदियाहून आले. वनमालाने (ही माझी बायको) त्यांच्यासाठी मटण केलं. दादांनी पहिला घास उचलला, आणि वरच्या टिनाच्या छतावरून एक पाल थेट रश्श्यात उतरली. चांगली पोसलेली होती!

"अंगावर नाई पडली ना बापू," माझी आई त्यांना धीर देत म्हणाली, "ताटातच पडली. अंगावर पडली असती तं शकुन पाहा लागला असता!"

दादा उठले, हात धुतले आणि गेले. पुढच्या दोन मंडयांना ते आले, पण घरात पाऊल नाही. अंगणात उभ्यानेच चहा प्यायचा, तोही कपावर बशी झाकून. वनमालाचे आईवडील केव्हाच गेले, माहेर म्हणून तिला हा एकच भाऊ. तो गेला की ती मागच्या दाराशी बसून राहायची आणि त्या दिवशी जेवायची नाही. मला ते पाहून फार वाईट वाटायचं. म्हणून तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, टिनाखाली सीलिंग करायचं आणि दादांना बैठकीत ताटावर बसवायचं.

तेजलाल नावाचा कारागीर आला. त्याने लोखंडी पट्ट्यांची चौकट ठोकली, त्यावर पांढरे बोर्ड चढवले आणि आपल्या विजेच्या स्क्रू मशीनने टर्र टर्र करत बसवत सुटला. काम मोठं सुरेख चाललं होतं. मग दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याने पिशवी उचलली.

"तेजलाल, तीन बोर्ड बाकी आहेत ना रे!"

"राहू द्या ना काका. मंडई झाली का येतो."

"कोणत्या गावची मंडई?"

"पहिले माह्या गावची. मंग सासरची. मंग बहिणीची. मंग साळीची."

"अन् आमच्या मंडईले?"

"त्याच दिवशी तं साळीची आहे काका!"

झाडीपट्टीत मंडयांच्या दिवसांत कारागीर मिळेल असं समजणाराच मूर्ख. जाताना त्याने मशीन आमच्याच घरी ठेवली आणि एवढं सांगितलं, "ही चालू केली तरी समोरचा बिट फिरत नाई काका. स्क्रूवर दाबला तरच फिरते. बिघडली असं समजू नका. अन् हात लावू नका."

हात लावायचा माझा मुळीच विचार नव्हता. पण त्याच संध्याकाळी वनमाला भावाशी फोनवर बोलत होती. "दादा, सीलिंग करून राहिलो आमी, पण तीन बोर्ड..." असं म्हणत तिने मागच्या दाराकडे पाहिलं. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि छाती फुगवून म्हणालो, "सीलिंग झालं दादा! आता एक पाल तं येऊन दाखवू द्या! मंडईले बैठकीत जेवाले या!"

"झालं म्हनता? मंग येतो," दादा म्हणाले. "बारा वाजता येतो."

वनमालाने वरच्या उघड्या टिनाकडे बोट केलं. "अजी, तीन बोर्ड कोन लावन?"

"आपला हात जगन्नाथ!" मी म्हणालो.

आता जगन्नाथाने प्रथम काय केलं, तर मशीन तपासली. खटका दाबला. आत मोटार गरगरली, पण समोरचा बिट ढिम्म! तेजलालने हे आधीच सांगितलं होतं, पण कारागीर आपल्या मशीनचा दोष कधी कबूल करतो का? चाक फिरत नसेल तर ते कोरडं पडलंय, हे धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. आम्ही बैलबंडीच्या चाकाला जवसाचं तेल घालतो, दाराच्या कडीला घालतो आणि सर्दी झाली तर नाकातही घालतो. मी मशीनच्या नाकात चांगली अर्धी वाटी जवसाचं तेल ओतलं. (मशीनसोबत एक पुस्तिका होती. ती मी वाटीखाली ठेवली होती, तेल सांडू नये म्हणून.)

आत बोर्डाचा बारीक भुगा साचलेला होता. जवस आणि भुगा एकत्र आले की लांबी तयार होते, खिडकीच्या काचा बसवायची लांबी! हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. आमची आई त्या दिवशी घरातल्या एकूण एक लोखंडाची पूजा करते. विळे, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार. या खेपेला तिला पाटावर तेजलालची मशीनही दिसली. तिने मशीनला हळदकुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या (त्या हवा जायच्या भोकांमधून सरळ आत गेल्या), आणि लाल धागा घेऊन मुठीभोवती सात वेढे घट्ट आवळून गाठ मारली. मशीनचा खटका मुठीलाच असतो. आईने त्यालाही आपल्या धाग्यात सामावून घेतलं.

मंडईच्या दिवशी सकाळी मी टेबलावर स्टूल ठेवला, तोंडाला लाल दुपट्टा बांधला (भुगा उडतो, सावधगिरी!), मशीन जमिनीवर ठेवून वायर भिंतीत खोचली आणि बटन दाबलं.

मशीन जिवंत झाली! कोणी हात न लावता ती ओरडली, फरशीवर आडवी झाली, दोन गिरक्या घेऊन दिवाणाखाली घुसली आणि तिथे झोपलेल्या कोंबडीला घेऊन बाहेर आली. कोंबडी दारातून गेली ती दुपारपर्यंत दिसली नाही. मशीनच्या पोटातून तांदूळ उडत होते, आणि त्या दिवशी ढिम्म असलेला बिट आता कोणी दाबत नसतानाही भणभण फिरत होता. जवसाच्या लांबीने तो मोटारीला कायमचा चिकटवला होता.

"माय वो!" आईने हात जोडले. "मशीनच्या अंगात आलं!"

मी धावत जाऊन बटन बंद केलं. कारण शोधायला वेळ लागला नाही, धाग्याखाली खटका दाबलेला होता. मी विळा उचलला.

"धाग्याले हात नको लावू!" आई कडाडली. "पुजलेला आहे. मंडईच्या दिवशी तोडशीन तं याद राख!"

"आई, अशी मशीन चालवता येत नाही."

"काऊन नाई येत? भिंतीचं बटन कायले आहे? मी उभी राहतो बटनापाशी. तू म्हन चालू, मी करतो चालू. तू म्हन बंद, मी करतो बंद."

आता सांगायला लाज वाटते, पण मला हे पटलं! मी वर स्टूलावर, वनमाला खाली बांबूच्या टेकूने बोर्ड तोलून धरलेली, आणि विजेचा कारभार आईकडे. "चालू!" टर्र! "बंद!" शांत. "चालू!" पहिला बोर्ड बसला, दुसरा बसला. माझ्या डोक्यावर तांदूळ पडत होते, मुंडावळ्या तेवढ्या बाकी होत्या. वनमालाचा चेहरा फुलला होता. साडेअकरा वाजले होते.

"अजी, होऊन राहिलं बाप्पा!" ती म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं?"

तिसऱ्या बोर्डाचा शेवटचा स्क्रू. मी म्हणालो, "चालू!" टर्र! आणि नेमक्या त्या क्षणी अंगणात मोटारसायकलचा हॉर्न वाजला.

"रामेश्वर आला वो!" म्हणत आई बटन तसंच चालू ठेवून पाहुण्याच्या पायावर पाणी घालायला धावली.

मी वर पाहत ओरडलो, "बंद! आई, बंद!" ओरडताना तोंडावरच्या दुपट्ट्याचं एक टोक सुटलं आणि मशीनच्या नाकाला लागलं. पुढचं सगळं फार चटकन झालं. मशीनने ते टोक गुंडाळलं, स्क्रूबरोबर बोर्डात नेलं आणि टर्र टर्र करत पक्कं बसवलं. दुपट्टा माझ्या तोंडाला मागून गाठ मारून बांधलेला. त्यामुळे त्याच्यामागोमाग मी! नाक सीलिंगला टेकलं. टाचा स्टूलावरून उचलल्या गेल्या. हातातली मशीन भणभणत होती. सोडावी तर खाली वनमालाचं डोकं, धरावी तर आणखी काय गुंडाळेल याचा नेम नाही. मी दोन्ही हातांनी ती आडवी, लांब धरली. वनमालाला टेकू सोडता येईना.

"अजी, काय करून राहिले?"

"उं उं!" मी सविस्तर उत्तर दिलं.

दारातून दादा आत आले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी या घरात पाऊल टाकलं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी आधी वर पाहिलं.

"जवाई," ते शांतपणे म्हणाले, "पालीच्या जागेवर तुमी आले का?"

मग त्यांनी भिंतीतून वायर काढली. (बटन बंद नाही केलं, वायर काढली! शहाण्या माणसाची रीत ती.) टेबलावर चढले, एका हाताने माझी कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने विळ्याने दुपट्टा कापला. मी खाली आलो तो दादांच्या खांद्यावर. कापलेल्या दुपट्ट्याचा चार बोटं लाल तुकडा सीलिंगला तसाच राहिला.

मला वाटलं, झालं. आता दादा पुन्हा अंगणात जाणार आणि वनमाला मागच्या दाराशी. मला तिच्याकडे पाहवेना. पण ती तोंडाला पदर लावून हसत होती, इतकी की डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिला पाहून दादाही हसू लागले. शेवटी डोळे पुसत ते म्हणाले, "वाढ वो बाई. भूक लागली."

ताटं वाढली. मी यजमान म्हणून त्यांच्या शेजारी बसलो आणि आग्रह करायला वाकलो, तर टप्! त्यांच्या रश्श्यात वरून काहीतरी पडलं.

वनमालाच्या हातातला भाताचा डाव हवेतच राहिला. दादांनी रश्श्यात बोट घातलं, ती वस्तू बाहेर काढली आणि उजेडात धरून पाहिली. माझ्या केसांतला कुंकवाचा तांदूळ होता.

"अक्षता आहे," ते म्हणाले. आणि तो दाणा तोंडात टाकून जेवू लागले. तीन वेळा भात घेतला. त्या दिवशी वनमालाही पोटभर जेवली, मी मोजून पाहिलं नाही, पण मटण मला उरलं नव्हतं.

आठ दिवसांनी तेजलाल आला. त्याने धागा कापला, मशीन उघडली, आतून उरलेले तांदूळ आणि जवसाची लांबी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, वापरून झाली का वायर काढाची. भुगा फुंकून काढाचा. नाकात तेल टाकाचं नाई. ढिला कपडा अंगावर नाई. हे सारं त्या पुस्तिकेत लिवलं आहे. तुमी तं दुकानात साऱ्या गावाले सांगता, कागद वाचा म्हनून!"

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," आतून वनमाला म्हणाली. बाकीचा अर्धा भाग तिने माझ्यासाठी सोडला.

तो लाल तुकडा तिने काढू दिला नाही. नजर लागू नये म्हणून आहे, असं ती पाहुण्यांना सांगते. दादा आता दर मंडईला बैठकीत जेवतात. पण बसण्याआधी मान वर करून सगळं सीलिंग एकदा नीट पाहून घेतात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. पूर्वी ते पाल शोधायचे.

"बस दादा," वनमाला आतून सांगते, "ते खालीच आहेत."