चढाईचा दम आणि माझा डावा कान

डावा कान गेला आहे, असं ठाण्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो शनिवारपर्यंत बरा होईल का, हा. शनिवारी माजिवड्याला मुलींच्या कबड्डीचे सामने होते आणि मी पंच होते. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे कोणता कान किती ऐकतो त्याचा आलेख, माझ्याकडे फिरवला. उजव्या कानाची रेघ वरून सरळ चालली होती. डाव्याची तळाशी पडून होती.

या दुखण्याला ‘सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस’ म्हणतात. आतला कान किंवा मेंदूकडे जाणारी नस अचानक काम थांबवते. कारण पुष्कळदा सापडतच नाही.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत पी.टी. शिकवते, कोपरला राहते. तरुणपणी कबड्डी खेळले आणि गुडघे बोलायला लागल्यावर शिट्टी हातात घेतली. कबड्डीत चढाई करणारीने समोरच्या अंगणात असेपर्यंत एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचं असतं. त्याला दम म्हणतात. दम तुटला की ती बाद. आमच्या गल्लीतल्या स्पर्धांना कॅमेरे नसतात, दम तुटला की नाही हे पंचाचा कान ठरवतो. माझा कान ठरवायचा आणि कुणी वाद घालायचं नाही, याचा मला चांगलाच तोरा होता.

सुरुवात अगदी साधी झाली. सकाळी फोन डाव्या कानाला लावला तर पलीकडून कुणी बोलेना. मी फोन कंपनीचा उद्धार केला. मग फोन उजव्या कानाला लावला, तर बहीण केव्हाची हॅलो हॅलो करत होती. केस धुताना पाणी गेलं असेल, म्हणून सासूबाईंनी लसणीचं कोमट तेल घातलं, मीही मुकाट घालून घेतलं. कानात शिट्टीसारखा आवाज चालू होता, तरी आज उघडेल, उद्या उघडेल करत बसले. तुमच्यापैकी कुणाचा कान असा अचानक बंद झाला, तर तेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. इथे सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात.

आधी स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या. मग कानाच्या पडद्यातून थेट आत इंजेक्शनं. दुखतं, पण सोसवतं. नसेवर गाठ नाही ना, हे पाहायला एमआरआय झाला. गाठ नव्हती. वेटिंग रूममध्ये माझं नाव पुकारलं की मी प्रत्येक वेळी भलत्याच दाराकडे बघायची. आवाज कुठून आला हे दोन कान मिळून ठरवतात, हे मला तिथे कळलं. शनिवार गेला, पुढचे बरेच शनिवार गेले आणि डाव्याची रेघ होती तिथेच राहिली. एका संध्याकाळी मी बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडले.

मग डॉक्टरांनी पुढचे मार्ग सांगितले. एक, काहीच न करता सवय करायची. दुसरा ‘क्रॉस’ यंत्राचा. डाव्या कानावरचा माइक आवाज पकडतो आणि उजव्या कानावरच्या यंत्राकडे पाठवतो. तिसरं बोन कंडक्शन, त्यात कवटीच्या हाडातून आवाज चांगल्या कानाकडे जातो. या दोन्हींत बंद कान बंदच राहतो. त्या कानाला स्वतः ऐकवायचा प्रयत्न करायचा, तर कॉक्लिअर इम्प्लांट. त्यात ऑपरेशन करून आतल्या कानात तार बसवतात आणि मग ऐकण्याचा कित्येक महिने सराव करावा लागतो.

“गोंगाटात कितपत साफ ऐकू येईल, याचा शब्द मी देणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला कुठे ऐकायचं आहे, ते आधी ठरवा.”

मला मैदानावर ऐकायचं होतं. म्हणून क्रॉस यंत्र ट्रायलला घेऊन मी सुनंदाकडे गेले. सुनंदा माझी जुनी संघातली मैत्रीण, आता तीही पंच आहे. ती माझ्याभोवती फिरत दम घालायची, मध्येच तोडायची आणि मी हात वर करायचा. रिकाम्या मैदानावर एकही चुकला नाही. मी हवेतच होते. मग तिने तिच्याकडे खेळायला येणाऱ्या मुलींना माझ्या डावीकडे उभं करून ओरडायला लावलं. यंत्राने तो सगळा गलका इमानेइतबारे माझ्या चांगल्या कानात ओतला आणि दम त्यात बुडाला. यंत्र काढलं, उजवा कान तिच्याकडे वळवला, तेव्हा ऐकू आलं. पण कान वळवला की डोळे रेषेवरून हटायचे.

सुनंदाने पाण्याची बाटली पुढे केली.

यंत्र मी ठेवलं. वर्गात आणि घरी ते छान चालतं. ऑपरेशनचा विचार अजून सोडलेला नाही. पण शिट्टी मात्र आमच्या कबड्डी संघटनेच्या अध्यक्षांना नेऊन दिली. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, चढाई करणाऱ्या पोरीला कळेल. तिचा दम तिला माहीत असतो.

आता मी गुणलेखकाच्या टेबलावर बसते. खुर्ची अशी लावते की प्रेक्षक डावीकडे येतात. एवढी शांत जागा अख्ख्या मैदानात कुणाला मिळत नसेल.

परवा दिवा गावच्या एका पोरीला सुनंदाने दम तुटला म्हणून बाद दिलं. सामना संपल्यावर पोरगी तणतणत माझ्या डावीकडे येऊन काहीतरी बोलली. मी तिला उजवीकडे यायची खूण केली.

“मॅडम, तुम्ही तर समोरच होता. माझा दम चालू होता ना?”

पूर्वी अशा पोरीला मी डोळ्यांनीच परत पाठवलं असतं.

“अगं, मला ऐकू आलं नाही,” मी म्हटलं. “डावा कान गेलाय माझा. म्हणूनच तर इथे बसलेय.”

एवढ्या लोकांत हे मी पहिल्यांदाच बोलले होते. तिचा राग कुठल्या कुठे गेला. ती माझ्या उजव्या कानाशी वाकली.

“तुटला होता, मॅडम,” ती हळूच म्हणाली.

ते मला नीट ऐकू आलं.